खडपे जगला पाहिजे

गजानन खडपे हा नट आजवर किती वेळा मेला, ते त्याचं त्यालाही सांगता यायचं नाही; पण कसकसा मेला, ते सुकीला तोंडपाठ होतं. हवालदार होऊन त्यानं गोळी खाल्ली होती. हिरोचा गरीब बाप होऊन गिरणीच्या फाटकाशी कोसळला होता. कधी ट्रकखाली आला, कधी विहिरीत ढकलला गेला, आणि एका सिनेमात तर बिचारा नुसता खोकून खोकून गेला. एवढं मरूनही पोस्टरवर त्याचा चेहरा कधी आला नाही. पण सुकीला हिरोशी काही घेणंदेणं नव्हतं. टीव्हीवर सिनेमा लागला की तिचा पहिला प्रश्न, "ह्यात खडपे हाय का?" असला, तर तवा चुलीवर तसाच ठेवून ती टीव्हीसमोर फतकल मारायची. आणि तो मेला रे मेला की डोळे पुसत उठायची, ती थेट भांड्यांच्या ढिगाकडे. पुढं हिरोनं सूड घेतला की नाही, त्याचं लग्न झालं की नाही, हे तिला एकाही सिनेमाबद्दल माहीत नसायचं. विचारलंत तर म्हणायची, "आमचा माणूस गेला, आता तिथं बसून काय करायचं?"

सुकी राहायची तलासरीजवळच्या एका पाड्यावर आणि कामाला जायची बोर्डीकडच्या चिकूच्या वाडीत. तिथल्या शेडमध्ये बायका ढिगाभोवती बसून चिकू निवडायच्या, लहान-मोठा वेगळा करून खोक्यांत भरायच्या. सुकीचे हात चिकूवर आणि तोंड सिनेमावर. नवरा अमृत उंबरगावला कंपनीत, मुलगी प्रगती कॉलेजात. घर, चूल, शेताचा तुकडा सगळं तिच्याच अंगावर, पण बाई थकलेली म्हणून कधी कुणाला दिसली नाही. रागावली तरी मोठ्यानं, हसली तरी मोठ्यानं. वाडीच्या मालकानं एकदा 'जरा हळू बोल' म्हटलं, तर म्हणाली, "शेठ, हळू बोलायला मी काय चोरी करते?"

तिच्या शेजारी दक्षा बसायची. दक्षा बोर्डीचीच, घरात गुजराती, बाहेर मराठी, आणि मोबाईलमध्ये दुनियेतले सगळे सिनेमे. होळी झाली आणि एका दुपारी जेवता जेवता तिनं मोबाईल सुकीच्या नाकासमोर धरला. एका भल्यामोठ्या सिनेमाची जाहिरात होती. एक पिळदार पोरगा चकाकतं चिलखत घालून ढगांतून उडत होता, इमारती पत्त्यांसारख्या पडत होत्या, समुद्र उभा राहत होता. सुकी जांभई देणार, तेवढ्यात कोपऱ्यात एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा दिसला.

"खडपे!" सुकी अशी ओरडली की शेडबाहेरचा कुत्रा उठून उभा राहिला.

"उस्ताद झालाय तो," दक्षा म्हणाली. "हिरोला उडायला शिकवतो."

सुकीला काय करू आणि काय नको असं झालं. इतकी वर्षं झिजल्यावर त्या माणसाची कुणाला तरी किंमत कळली होती! दाढी चिकटवून का होईना, पोस्टरवर तो होता. त्या दुपारी तिनं लहान चिकू मोठ्यांत आणि मोठे लहानांत टाकले.

दक्षाला मात्र राहवेना. "सुकीबेन, एक सांगू? उस्ताद म्हणजे इंटरवलच्या आधी मरी गयो समज. नायतर हिरोला राग कसा येणार?"

"नाय मरणार."

"अरे, तो नेहमी मरतो!"

"ह्या टायमाला नाय मरणार," सुकी म्हणाली आणि एक पिकलेला चिकू तिनं दक्षाच्या अंगावर भिरकावला. बायका खिदळल्या. सुकी हसली नाही.

मरणाऱ्या नटावर हिचा एवढा जीव का, याचं मूळ तिच्या माहेरी होतं. माहेर रानशेतच्याही पलीकडे, डोंगराच्या पोटात. तिथं दर वैशाखात बोहाडा व्हायचा. देवांचे आणि असुरांचे मुखवटे चढवून माणसं सांबळाच्या तालावर नाचायची आणि सारा गाव भोवती रिंगण करून बसायचा. कुणी कुठलं सोंग घ्यायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. ज्याच्या त्याच्या घराचा तो मान. कुणाकडे गणपती, कुणाकडे देवी. सुकीचा बाप शुक्रा, त्याच्या घराकडे असुर. म्हणजे दरसाल जीव तोडून नाचायचं आणि शेवटी देवीच्या तलवारीनं मरायचं. त्या शिंगांच्या, लाल जिभेच्या मुखवट्याआड आपला बाप आहे हे लहानग्या सुकीला पक्कं ठाऊक असायचं. देवीनं तलवार उगारली आणि बाप पडला की भोकाड पसरून ती पळत सुटायची ती घरी, थेट गोधडीत. उजाडल्यावर बाप चुलीपुढं चहा फुंकत बसलेला दिसला की मग कुठं तिचा जीव भांड्यात पडायचा. गावानं चिडवून चिडवून बेजार केलं, पण दरसाल तेच. पुढं लग्न होऊन ती तलासरीला आली आणि टीव्हीवर तिला खडपे दिसला. तोही बापासारखाच पडायचा, आधी डावा खांदा आणि मग बाकीचं अंग. त्या दिवसापासून तो घरचा झाला.

आता शुक्रा म्हातारा झाला होता. सुकीची आई गेली आणि त्यानंतरच्या पहिल्याच बोहाड्यात नाचता नाचता त्याच्या गुडघ्यानं दगा दिला. पडायची वेळ येण्याआधीच सोंग थांबलं. गावातल्या पंचांनी वावगं काही म्हटलं नाही, एवढंच म्हणाले, "शुक्रादादा, पुढल्या सालापासून संदीपला नाचू दे." संदीप हा सुकीचा धाकटा भाऊ, टेम्पो चालवायचा, स्वभावानं गरीब. मान घरातल्या घरातच राहिला होता, तक्रारीला जागा नव्हती. पण म्हाताऱ्यानं जी खाट धरली ती धरलीच. डॉक्टरनं तपासून सांगितलं, गुडघे झिजलेत, बाकी काही नाही, चाला-फिरा. चालतो कोण! दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचा, पुढं केलं तर दोन घास खायचा. संदीपनं एकदा हात जोडून विनवलं, "बाबा, पडायचं कसं तेवढं तरी दाखवा. मला जमत नाय." म्हाताऱ्यानं गोधडी डोक्यावरून ओढून घेतली. वैशाख तोंडावर आला होता. नव्या असुराला मरता येत नव्हतं, आणि ज्याला येत होतं तो कूस बदलायला तयार नव्हता.

चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा भरली. सुकी प्रगतीला घेऊन गेली. काय मागायचं ते रांगेत उभ्या उभ्या तिनं घोकून ठेवलं होतं. माझ्या बाबांना उठव. पण देवीसमोर आल्यावर तिची जीभ रेटेना. सरळ मागितलं आणि देवी नाही म्हणाली तर? मग जायचं कुणाकडे? मागून माणसं ढकलत होती, पुढून कोणी 'चला, चला' करत होतं, आणि त्या गडबडीत सुकीच्या तोंडून भलतंच निघालं. "आई, खडपेला जगव! सिनेमा संपेपर्यंत तो जिता राहिला, तर माहेरापासून इथवर अनवाणी चालत येईन."

बाहेर आल्यावर आपण काय करून बसलो ते तिला कळलं. मग तिनं मनाशी गाठच मारून टाकली की खडपे जगला तर बाबा उठणार. आणि नाही जगला तर? तो विचार नको म्हणून तिनं सरळ जिलबीचं दुकान गाठलं.

"आई, सिनेमा कधीच काढून झालाय," प्रगती जिलबी खाता खाता म्हणाली. "आता देवी त्यात काय बदलणार?"

"मी येणार नि मागणार, हे देवीला आधी ठाव नसंल कशावरून?" सुकी म्हणाली. कॉलेजात शिकणाऱ्या पोरीनं पुढची जिलबी उचलली.

दोन-चार दिवसांनी ती माहेरी गेली. खाटेच्या कडेवर बसून तिनं बापाच्या पाठीला सगळी हकीकत सांगितली. उडणारा पोरगा, दाढीवाला उस्ताद, दक्षाचा आगाऊपणा, नवस. मनातली गाठ तेवढी सांगितली नाही. सांगता सांगता तिला दिसलं, बापाची पाठ हलत होती. रडतात की काय म्हणून ती वाकली, तर म्हातारा हसत होता.

"अगं येडे," तो तिच्याकडे वळत म्हणाला, "दरसाल मला मारते ती कोण?"

"देवी."

"आन तू तिलाच सांगून आलीस, मारू नको म्हून?"

सुकीचा चेहरा पडला. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हातारा मात्र आणखी हसला, हसता हसता खोकला, आणि खोकता खोकता उठून बसला. "कधी लागतोय तुझा सिनेमा? मी पन येतो. बघू तर खरं, ऐकते का ती तुझं." किती महिन्यांनी तो आपणहून उठून बसला होता! दारातून संदीप बघतच राहिला.

सिनेमा लागला आणि पहिल्याच दिवशी दक्षा बघून आली. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये ती तोंड उघडणार, तोच सुकीनं दोन्ही कानांत बोटं घातली आणि मोठ्यानं गाणं म्हणायला सुरुवात केली. रविवारपर्यंत तिनं दक्षाला एक शब्द बोलू दिला नाही. दक्षाचं तोंड मात्र सगळं सांगत होतं, म्हणून सुकी तिच्या तोंडाकडेही बघेना.

एवढा मोठा सिनेमा बघायचा तर वापी गाठायला हवी. प्रगतीनं मोबाईलवरून दुपारच्या खेळाची तिकिटं काढली. संदीपनं टेम्पो धुऊन पुसून आणला. म्हाताऱ्यानं पांढरा सदरा, टोपी असा बोहाड्याचा पोशाख केला, सुकीनं दिवाळीची साडी नेसली. हायवेवर टेम्पोनं वेग घेतला. सुकी सगळ्या वाटेत बोलत होती. बापलेक एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत. वापीला पोचल्यावर संदीप म्हणाला, "तुमी बघा. मी गाडीतच पडतो जरा." आपण शेजारी बसलेलं बाबांना नको असेल, हे त्याचं त्यानं ठरवून टाकलं होतं.

आत अंधार, गारवा आणि ढोलासारखा छातीवर आदळणारा आवाज. पडदा उजळला तशी म्हाताऱ्यानं टोपी काढून हात जोडले आणि मग चपला काढून मांडी घातली. पहिला थोडा वेळ नुसतीच उडाउडी चालली होती. आणि एकदम एका डोंगराच्या गुहेतून काठी टेकत खडपे बाहेर आला.

"आला! बाबा, आला! तोच तो!" सुकीनं खुर्चीतून उडी मारली. पुढच्या रांगेतल्या माणसानं वळून बघितलं. तिला त्याचं काय! खडपेला या वेळी नुसतं 'जी साहेब' नव्हतं, चांगलं लांबलचक बोलायला होतं. त्यानं हिरोच्या कानाखाली वाजवली, तेव्हा सुकीनं टाळ्या पिटल्या. एका गाण्यात तो चक्क दोन पावलं नाचला, तेव्हा तिनं तोंडात बोटं घालून शिट्टी मारली आणि प्रगतीनं ओढणीत तोंड लपवलं. एक कडा कोसळला, त्यातून खडपे वाचला. आग लागली, त्यातूनही वाचला. प्रत्येक वेळी सुकी बापाचा दंड धरायची आणि सुटका झाली की सोडायची. तिला वाटायला लागलं, देवीनं ऐकलं. खरंच ऐकलं!

मग लोखंडी हाताचा दुष्ट माणूस डोंगर चढून आला. गुहेत खडपे आणि त्याची शिकाऊ पोरं. मागं पळायला वाट होती. खडपेनं पोरांना त्या वाटेनं पुढं घातलं आणि स्वतः काठी घेऊन तोंडावर उभा राहिला.

"पळ!" सुकी उभी राहून ओरडली. "अरे, पळ ना मेल्या! तुझं वय हाय का हे?"

थेटर हसलं. पण लोखंडी हात खाली आला तसं हसू थांबलं. खडपे पडला. आधी डावा खांदा, मग बाकीचं अंग. त्याच्यावर धोंडे कोसळले आणि दिवे लागले. इंटरवल.

सुकीचे डोळे भरून वाहायला लागले. तिनं पदर खोचला आणि उठली. "चला. झालं. आमचा माणूस गेला."

"बस खाली," म्हातारा म्हणाला.

"कशाला आता?"

"बस म्हणतो ना."

बापाचा असा आवाज तिनं खूप दिवसांनी ऐकला. ती बसली. जन्मात पहिल्यांदा ती खडपेनंतरचा सिनेमा बघत होती, पण बघतेय कसली? हिरोला दक्षानं सांगितल्याप्रमाणे राग आला, त्यानं लोखंडी हाताचा चुरा केला, शहर वाचलं, सगळं झालं; सुकीच्या डोळ्यांसमोर मात्र माहेरची खाट होती आणि खाटेवर भिंतीकडे वळलेली पाठ. नवस फुकट गेला होता. आपण उगाच बांधली ती गाठ, असं तिला शंभरदा वाटलं. मध्येच म्हातारा पुटपुटला, "झ्याक पडला हां. कुणी शिकवलं असंल ह्याला?" आणि त्याची बोटं खुर्चीच्या हातावर सांबळाचा ताल धरून बसली.

सिनेमा संपला. पडद्यावर नावं वर सरकायला लागली आणि माणसं दाराकडे सरकायला लागली. प्रगती उभी राहिली, सुकी उभी राहिली. म्हातारा हलेना.

"पाय आखडले का, बाबा?"

"पाय बरे हायत."

"मग उठा ना."

"तो पडलेला हाय अजून," म्हातारा म्हणाला. "त्याला उठवल्याबिगर रिंगण सोडायचं नाय."

"आजा, हे थेटर हाय," प्रगती हळूच म्हणाली. "सगळे गेले बघ."

"जाऊ दे त्यांना. त्यांना कुणी शिकवलं नाय." मग तो सुकीकडे वळला. "तुला तरी कसं ठाव असंल? मी पडलो की तू पळायचीस."

आणि त्या रिकाम्या होत चाललेल्या थेटरात शुक्रानं लेकीला सांगितलं, त्यांच्या गावात असुर पडल्यावर काय होतं ते. सांबळ थांबतो. कोणी जागचं हलत नाही. घरची बाई तांब्या घेऊन रिंगणात येते, मुखवट्यावर पाणी शिंपडते आणि हाक मारते. सोंगाच्या नावानं नाही, माणसाच्या. तेव्हा तो उठतो, आणि तो उठला की गाव उठतं. "तुझी आई कधी माझं नाव घ्यायची नाय," म्हातारा म्हणाला. "त्या एका टायमाला घ्यायची. साऱ्या गावाम्होरं, मोठ्यानं. तेवढ्यासाठी दरसाल पडायचो मी."

सुकी खाली बसली. एवढं वय झालं आणि हे तिला आज कळत होतं. आई गेल्यावर बाबा खाटेवरून का उठले नाहीत, तेही तिला त्याच क्षणी कळलं.

"पानी हाय का?" म्हाताऱ्यानं विचारलं.

प्रगतीनं पिशवीतली बाटली सुकीच्या हातात दिली. म्हाताऱ्यानं ओंजळीत पाणी घेतलं आणि पडद्याकडे तीनदा शिंपडलं. पुढच्या रांगेच्या खुर्च्या भिजल्या. "गजानन!" त्यानं खणखणीत हाक दिली. "ऊठ आता. झालं तुझं काम."

झाडायला आलेली बाई केरसुणी घेऊन थांबली. "काका, पिक्चर पूरुं थयुं," ती म्हणाली. नावं संपली, गाणं थांबलं, पडदा काळा झाला.

आणि मग त्या काळोखातून डोंगर दिसायला लागला. धोंड्यांचा ढीग. एक धोंडा हलला. खालून धुळीनं माखलेला हात वर आला, मग पांढरी दाढी, मग खडपेचा चेहरा. त्यानं डोळे उघडले, सरळ समोर पाहिलं, खोकला आणि हसला.

दिवे लागले.

सुकी जी किंचाळली ती बाहेरच्या पॉपकॉर्नवाल्यालाही ऐकू गेली असेल. "उठला! बाबा, उठला! जिता हाय!" तिनं बापाला मिठी मारली, प्रगतीला मिठी मारली, कुणी उरलं नाही म्हणून त्या झाडूवाल्या बाईला मिठी मारली. मोठ्या सिनेमांच्या शेवटी असा तुकडा मागे ठेवतात, हे प्रगतीनं कुठंतरी ऐकलं होतं. पण आज्याचा ओला हात बघून तिला ते सांगावंसं वाटलं नाही. म्हाताऱ्यानं हात सदऱ्याला पुसला, टोपी घातली आणि म्हणाला, "आता चला."

जिना उतरता उतरता सुकीनं दक्षाला फोन लावला. "दक्षा! जिता हाय तो!"

"अरे, काय बोलतेस? मी पाहिला ना, मरी गयो!"

"तू उठून गेलीस! उठून गेलीस तू!" सुकी ओरडली, आणि स्वतःही आजवर उठूनच जात आलो हे आठवून तिला हसू फुटलं.

बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. गाड्या लावायच्या मैदानात, कडेच्या हिरवळीशी संदीपचा टेम्पो उभा होता. संदीप दारातून पाय बाहेर काढून झोपला होता. म्हाताऱ्यानं टेम्पोच्या पत्र्यावर थाप मारली. "उतर."

संदीप दचकून उठला. "काय झालं, बाबा?"

"नाच."

"इथं?"

"मग कुठं? बोहाडा काय तुझ्यासाठी थांबणार हाय? नाच आन पडून दाखव."

म्हातारा पत्र्यावर सांबळाचा ताल वाजवायला लागला. संदीपनं इकडं तिकडं बघितलं, लाजत लाजत चार पावलं टाकली आणि हिरवळीवर धप्पकन पडला.

"हे काय? चिकूचं पोतं टाकलंस काय?" म्हाताऱ्यानं टोपी काढून प्रगतीच्या हातात दिली. "सरक."

"बाबा, गुडघे!" सुकी म्हणाली. त्यानं ऐकलंच नाही. त्यानं खांदे फुगवले, मान खाली घातली आणि पावलं टाकायला लागला. पावलं आखूड होती, एक पाय ओढत होता. पण मुखवटा नसतानाही सुकीला ती शिंगं दिसली, ती लाल जीभ दिसली. शुक्रानं एक गिरकी घेतली, हवेतली तलवार छातीवर झेलली आणि पडला. आधी डावा खांदा, मग बाकीचं अंग. आणि निपचित झाला.

"अरे, काका को क्या हुआ?" म्हणत फाटकावरचा रखवालदार धावत आला. संदीप धावला. सुकीचे पाय मात्र उलटीकडे वळले होते. खरंच वळले होते, पळायला. तिनं ते तिथंच रोवले. बाटली तिच्या हातातच होती. ती बापापाशी गुडघ्यांवर बसली, ओंजळीत पाणी घेतलं आणि त्याच्या तोंडावर शिंपडलं.

"बाबा, उठा."

म्हातारा हलला नाही.

"आई, नावानं हाक मारायची," प्रगती म्हणाली.

बापाचं नाव कसं घ्यायचं? सुकीनं आईच्या जागी आपण बसलोय हे पाहिलं आणि सगळा जीव एकवटून हाक मारली, "शुक्रा!" मैदानातली माणसं वळून बघायला लागली. "शुक्रा, ऊठ! ऊठ म्हणते ना!"

म्हाताऱ्यानं एक डोळा उघडला. "तीनदा शिंपडतात," तो म्हणाला. "एकदा नाय."

सुकीनं उरलेली सगळी बाटली त्याच्या अंगावर ओतली. म्हातारा हात टेकून बसता झाला. संदीपनं पुढं केलेला हात त्यानं बाजूला सारला, दात आवळले आणि कडकड वाजणारे गुडघे सरळ करत आपला आपण उभा राहिला. सुकीनं जन्मात पहिल्यांदा असुराला उठताना पाहिलं. ती गवतात बसून रडत होती आणि हसत होती, आणि काय चाललंय ते न कळूनही रखवालदार टाळ्या वाजवत होता.

"बघितलंस?" ओल्या सदऱ्यानं शुक्रा संदीपला म्हणाला. "आता तू."

आणि तो पुन्हा पत्र्यावर ताल धरून उभा राहिला.